राहत्या बोटीचं बूड दुरुस्त करताना: नाशिकच्या शेडमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सव्वीस फुटी जुनी फायबरची बोट नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एका शेडमध्ये जवळपास दहा महिने उभी होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायचा आणि काहीतरी विचारायचा. चहावाल्यापासून द्राक्षबागायतदारांपर्यंत सगळ्यांची उत्तरं देता देता एक वही भरली. त्यातलेच प्रश्न इथे आहेत. काही प्रश्न कोकणातल्या आणि गोव्यातल्या बोटवाल्यांनी फोनवर विचारलेले आहेत, ते जरा जास्त टोकदार आहेत.

नाशिकला समुद्र कुठे आहे? बोट इथे कशाला आणली?

हा पहिला प्रश्न, आणि नव्वद टक्के लोकांचा शेवटचाही.

उत्तर एका शब्दात: हवा. फायबरच्या जुन्या बोटीच्या अंगात वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं असतं. ते बाहेर काढल्याशिवाय केलेली कुठलीही दुरुस्ती टिकत नाही. खाडीकाठी हवाच ओली, तिथे बोट सहा महिने झाकून ठेवली तरी ती वाळेलच असं नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, सह्याद्रीच्या आतल्या अंगाला. फेब्रुवारीपासून मेपर्यंत इथे दुपारी ओठ फुटतात. मार्च-एप्रिलच्या दुपारी आमच्या शेडमधला आर्द्रतेचा काटा ३० टक्क्यांच्या खाली असायचा. शिवाय अंबड-सातपूरला फायबरचं काम करणारे हात आहेत, आणि घरही इथेच आहे. मालकाचं घर बोटीपासून वीस मिनिटांवर असलं की काम पुरं होतं, तीनशे किलोमीटरवर असलं की त्याचं नुसतं बिल होतं.

आणली कशी?

डोलकाठी उतरवून, लो-बेड ट्रेलरवर. रुंदी २.४ मीटर होती म्हणून जमलं. रस्त्यावरच्या वाहनाची आणि मालाची रुंदी २.६ मीटरच्या पुढे गेली की परवानग्यांचं वेगळं प्रकरण सुरू होतं. वजन अडीच टनांच्या आसपास. कसारा घाटात ट्रेलर ज्या वेगाने चढला, त्या वेगाने आमची बोट आयुष्यात कधी चालली नव्हती.

एक सूचना. बोट ट्रेलरवर ठेवताना वजन कण्यावर (बुडाखाली उतरलेल्या जड भागावर) टेकवा. बाजूचे टेकू फक्त तोल धरायला असतात. टेकूंवरच वजन आलं तर पातळ बूड आत दबतं आणि पोचेपर्यंत दुसरी दुरुस्ती तयार असते.

राहती बोट म्हणजे केरळमधल्यासारखी हाउसबोट का?

नाही. ही शिडाची बोट आहे. आत दोन बाकं, एक शेगडी, एक मोरीएवढा संडास आणि मान वाकवूनच उभं राहता येईल असं छप्पर. हिवाळ्यात चार महिने आम्ही नवरा-बायको दाभोळच्या खाडीत तिच्यावर राहतो. बोटीला एकाऐवजी दोन कणे आहेत, त्यामुळे ओहोटीला चिखलात ती चार पायांच्या पाटासारखी सरळ बसते. कोकणच्या खाड्यांना ही रचना फार सोयीची. एवढंच, की बसताना खाली काय आहे ते ती बघत नाही.

मग नुकसान नेमकं काय झालं?

ओहोटीला ती एका जुन्या, तुटक्या खांबाच्या बुंध्यावर बसली. मासेमारीची जाळी बांधायला पूर्वी रोवलेला असावा, चिखलात पार गाडला गेला होता. उजव्या कण्याच्या शेजारी तळहाताएवढं भोक पडलं. भरती यायच्या आत एका तांडेलमामांच्या (मासेमारी होडीच्या प्रमुखाच्या) मदतीने आतून गोधडी आणि फळी ठोकली, म्हणून आज हे लिहितो आहे.

भोक तळहाताएवढं होतं, मग तुम्ही परातीएवढं का कापलंत?

कारण भोक हे नुकसानाचं फक्त तोंड असतं. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर रेझिनमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या चिकट द्रवात, बसवलेले. धक्का बसला की मधे तुटतं आणि आजूबाजूला थर एकमेकांपासून सुटतात. बाहेरून ते दिसत नाही, ऐकू मात्र येतं. छोटी प्लास्टिकची हातोडी किंवा जाडसर नाणं घेऊन टोकत जा. चांगली जागा टणक वाजते, सुटलेली जागा बद्द. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो तसंच. आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा. आमची खडूची रेघ जेवणाच्या ताटाएवढी निघाली. ताटाएवढं खराब, म्हणून परातीएवढं ग्राइंडिंग.

पहिल्या दिवशी ग्राइंडर हातात घेताना जीव वर-खाली होतो. आपल्याच हाताने आपली बोट मोठी फाडतोय असं वाटतं. पण या कामात भरण्यापेक्षा काढणं जास्त आहे. शंकेची जागा राहिली तर अजून काढा. ज्या दुरुस्त्या फसलेल्या मी पाहिल्या (दोन माझ्याच), त्या सगळ्या कमी काढल्यामुळे फसल्या. कमी भरल्यामुळे फसलेली एकही आठवत नाही.

कडा किती लांबपर्यंत तासायच्या?

बॉडीच्या जाडीच्या बारा पट. आमची जाडी तिथे ९ मिलिमीटर होती, म्हणजे चारी बाजूंनी सुमारे ११ सेंटिमीटर उतार. तीस सेंटिमीटरच्या ताटाभोवती अकरा-अकरा धरले की पन्नासच्या वर जातं. झाली परात. पाण्याच्या रेषेच्या वर, फारसा ताण नसलेल्या जागी आठ पट पुरतं असं मानतात. कण्याच्या शेजारी ही काटकसर करू नका.

एवढा उतार का, हे विचारायलाच हवं. नवीन फायबर जुन्याशी रासायनिक रीतीने एकजीव होत नाही, नुसतं चिकटतं. म्हणून चिकटायला क्षेत्रफळ द्यायचं. सरळ भोक पाडून त्यात बूच बसवलं, तर सगळा भार एका रेघेवर येतो आणि तीच रेघ पुढे भेग म्हणून उमटते.

बुडावर फोड आलेत, फोडले की आंबट वास येतो. हे काय आहे?

हा खरा जुना आजार. जेलकोट, म्हणजे बाहेरची जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची कातडी, पाणी पूर्ण अडवत नाही. वाफेच्या रूपात पाणी हळूहळू आत जातं आणि रेझिनमधल्या काही घटकांशी त्याची प्रक्रिया होते. जे आंबट, चिकट द्रव तयार होतं ते आणखी पाणी आत ओढतं. मग दाब वाढतो आणि फोड येतो. याला ऑस्मोसिस म्हणतात. व्हिनेगरसारखा वास आला आणि बोटाला चिकट लागलं, की निदान झालं. फोड फोडताना चष्मा लावा, आतलं पाणी दाबाने डोळ्यात उडतं.

चार-दोन फोड असतील तर तेवढेच खरवडून, धुऊन, वाळवून भरा. सगळं बूड पुरळ आल्यासारखं झालं असेल तर पाण्याखालचा पूर्ण जेलकोट काढावा लागतो. आणि इथे बहुतेकांची एक चूक होते, माझीही झाली. जेलकोट काढला, उन्हात ठेवला, की वाळेल असं वाटतं. वाळत नाही. आतलं ते चिकट द्रव स्वतः सुकत नाही, उलट हवेतली ओल धरून ठेवतं. ते धुऊनच काढावं लागतं, गोड्या पाण्याने, शक्यतो गरम, पुन्हा पुन्हा. ओल काढण्यासाठी बोट धुवायची, हे शेजारच्या शेडवाल्याला पटवायला मला तीन चहा लागले.

पिंपळगावच्या एका बागायतदारांना मात्र हे लगेच कळलं. बेदाणा करताना द्राक्षं नुसती उन्हात टाकली तर लवकर वाळत नाहीत, सालीवरचं मेण पाणी बाहेर सोडत नाही. म्हणून ती आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात. “म्हणजे तुमची बोट हा द्राक्षाचा एक मोठा मणी आहे,” असं म्हणून ते गेले. याहून चांगलं स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

वाळवायची कशी?

कांदा चाळीसारखी. वर छप्पर, खालून वारा. आम्ही बागेवर टाकतात तो प्लास्टिकचा कागद वर ताणला होता, चारी बाजू उघड्या. बोट पूर्ण गुंडाळून ठेवली तर आत घाम धरतो. रणरणत्या उन्हात उघडी ठेवणंही बरं नाही, एक बाजू तापते आणि दुसरी थंड राहते.

वाळली हे कळणार कसं?

ओलावा मोजायचं मीटर मिळतं. त्याच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, बुडाच्या रंगात तांबं असलं तरी काटा वर जातो. आकडा किती यापेक्षा तो उतरतोय का हे बघा. खडूने वीस जागा ठरवा, दर रविवारी त्याच वीस जागी मोजा, वहीत लिहा. तीन आठवडे आकडे हलले नाहीत की झालं.

मीटर नसेल तर फूटभर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेप लावून बुडावर चिकटवा. एक-दोन दिवसांनी आतून दव दिसलं तर थांबा. आमची बोट धुणं धरून वाळायला साडेतीन महिने लागले. लोकांना हा आकडा आवडत नाही.

पॉलिएस्टर वापरायचं की इपॉक्सी?

दोन्ही रेझिनचेच प्रकार, आणि यावर भांडणं होतात. माझं मत: पाण्याखाली इपॉक्सी, वर तुमची मर्जी.

जुन्या बोटी बहुधा पॉलिएस्टरमध्ये बनलेल्या असतात, नवी बोट बनवायला ते उत्तम आणि स्वस्तही. पण नव्या बोटीत ओल्या थरावर ओला थर बसतो. दुरुस्तीत जुन्या, पूर्ण कडक झालेल्या थरावर नवा बसवायचा असतो, आणि तिथे इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. ते पाणीही कमी शोषतं. उलटा क्रम मात्र टाळा, कडक झालेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सीने काम केलं की पुढे त्या जागेला इपॉक्सीच. वर जेलकोट मारायचा मोहही सोडा, सरळ रंग द्या.

कापडही बदलतं. अंबडला सगळीकडे मिळते ती चॉप्ड मॅट, सुटे धागे दाबून केलेली. तिचे धागे एकत्र धरणारा जो पदार्थ असतो, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रवात विरघळतो, तेव्हा ती मॅट मऊ पडून बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसतं. त्यामुळे साधी मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही, पांढरी आणि ताठ राहते. इपॉक्सीबरोबर विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या.

अंबडचे फायबरवाले हे काम करतील का?

करतील, आणि हात फार चांगले आहेत. टाक्या, कूलरच्या बॉड्या, बसचे भाग रोज करणारी माणसं आहेत. रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढण्यात मला त्यांच्याकडून शिकायला मिळालं. फक्त दोन सवयी आधी बोलून घ्या.

पहिली हार्डनरची. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर (रेझिन कडक करणारं द्रव), म्हणजे एमईकेपी, थोडा कमी-जास्त करून वेग सांभाळता येतो. साधारण एक ते दोन टक्के, थंडीत जरा जास्त. वर्षानुवर्षं हे अंदाजाने करणारा कारागीर इपॉक्सीतही तेच करतो, “साहेब, थंडी आहे, थोडं जास्त टाकतो.” इपॉक्सीत हे चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर ठरलेल्या मापातच एकमेकांशी जुळतात. जास्तीचा हार्डनर लवकर कडक करत नाही, तो तसाच उरतो आणि काम कायमचं मऊ राहतं. आपल्याकडे सर्रास मिळणारी एलवाय ५५६ हे रेझिन आणि एचवाय ९५१ हा हार्डनर ही जोडी वजनाने १०० ला १० अशी आहे. शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम म्हणजे दहाच. डिजिटल काटा घ्या, स्वयंपाकघरातला चालतो (परत स्वयंपाकघरात नेऊ नका).

दुसरी जास्त गंभीर. पॉलिएस्टरच्या कामात कोबाल्ट (कडक होण्याचा वेग वाढवणारं) आणि एमईकेपी असे दोन द्रव असतात. ते एकमेकांत थेट कधीही ओतायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून एकजीव करायचं, मगच हार्डनर. दोघांच्या बाटल्या एका फळीवर ठेवू नका, मापही वेगळं ठेवा. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा नाही तर काम नाही, हा आमच्या शेडचा नियम होता, आणि सगळ्यात जास्त वेळा मोडणारा मीच होतो. एकदा शेडमधल्या एका कारागिराने माझ्या हातातून रेझिनचा मग काढून घेतला.

थर लावताना मोठा तुकडा आधी की लहान?

जुने लोक लहान आधी लावतात, म्हणजे वाटीच्या तळापासून भरत जातात. इपॉक्सीवाले बहुतेक मोठा आधी सांगतात, कारण मग पहिलाच अखंड थर सगळ्या तासलेल्या उताराला चिकटतो आणि वरून घासताना तो कापला जात नाही. मी मोठा आधी लावला. पण उतार नीट तासला असेल आणि जागा कोरडी असेल तर दोन्हींनी काम होतं. यावर वाद घालणारे बहुधा ग्राइंडिंग टाळत असतात.

नाशिकच्या हवेत काम कोणत्या महिन्यात करायचं?

वाळवणं फेब्रुवारीपासून, थर लावणं एप्रिल-मेमध्ये. जानेवारीत मुळीच नको. निफाडचा पारा वर्तमानपत्रात येतो ते दिवस इपॉक्सीचे नव्हेत. आम्ही हौसेने डेकवरची दोन जुनी भोकं जानेवारीत बुजवायला घेतली. आठ दिवसांनीही त्यात नख रुतत होतं, शेवटी सगळं खरवडून काढलं.

मे महिन्यात उलटी गंमत. मगमध्ये अर्धा किलो कालवलं की स्वतःच्याच उष्णतेने ते उकळायला लागतं, धूर निघतो आणि तो मगच वितळतो. उपाय घरातलाच आहे, कालवल्याबरोबर पसरट परातीत ओता. थर पातळ झाला की उष्णता निघून जाते आणि वेळ मिळतो. सकाळी दव सुकल्यावर सुरू करा, चारच्या आत आटपा.

दुसऱ्या दिवशी इपॉक्सीवर मेणचट थर आलेला दिसेल. तो पॉलिश पेपरने घासायला जाऊ नका, नुसता पसरतो. साध्या पाण्याने आणि भांड्याच्या घासणीने धुवा, कोरडं करा, मग घासा.

वरून गाडीची पुट्टी मारली तर?

पाण्याच्या रेषेखाली नको. ती पॉलिएस्टरमध्ये शंखजिऱ्याची पूड घालून केलेली असते आणि पाणी पिते. आमच्या बोटीत ग्राइंडर लावल्यावर डाव्या बाजूला गुलाबी पुट्टीचा एक इंच जाड पोपडाच निघाला. आधीच्या कुणा मालकाने कुठल्यातरी गॅरेजमध्ये काम करवून घेतलेलं. बाहेरून आरशासारखं गुळगुळीत, आत ओला चुरा.

बुडातले नळ आणि भोकं यांचं काय? ती तर मुद्दाम पाडलेली असतात.

हो, आणि जुनी बोट बुडते ती बऱ्याचदा यांच्यामुळेच. मोरीचं पाणी बाहेर, इंजिनाला थंड करायला पाणी आत, संडासाचं वेगळं. राहत्या बोटीत अशी भोकं जास्त. दोन फूट पाण्याखाली दीड इंची नळ तुटला तर हिशेबाने मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. दोनशे लिटरचं पिंप दीड मिनिटात भरेल.

हे नळ कांशाचे हवेत, पितळेचे नकोत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं आणि तांब्याचा ठिसूळ सांगाडा उरतो. आकार तोच दिसतो, जीव मात्र गेलेला. ओळखायची खूण म्हणजे चाकूने खरवडलं की पिवळ्याऐवजी गुलाबीसर रंग दिसतो. मी आमचा एक नळ घेऊन जुन्या नाशकातल्या भांडीवाल्यांकडे गेलो. तांब्या-पितळेत हयात गेलेल्या आजोबांनी तो नुसता फरशीवर आपटला. दोन तुकडे झाले. “हे पितळ मेलेलं आहे,” म्हणाले. तो नळ पाण्याखाली होता आणि आम्ही त्याच्यावर दोन फूट उंचावर झोपत होतो.

बसवलेले सगळे नळ काढून बघा. भोक नको असेल तर बुजवताना तोच बारा पटींचा उतार.

कण्याच्या कडेला केसासारख्या भेगा आहेत. जेलकोटच्या असतील ना?

असतीलही. जेलकोट ठिसूळ असतो, जाळीसारख्या भेगा पडतात आणि त्यांतल्या कित्येक निरुपद्रवी असतात. पण कण्याच्या मुळाशी, एका रेषेत असलेली भेग, त्यातून गंजाचं तपकिरी पाणी झिरपत असेल तर खोलात जा. कणा बोल्टांनी जोडलेला असतो. भेगेवर ग्राइंडर लावा. अर्ध्या मिलिमीटरला ती संपली तर जेलकोटची, काचेचे धागे दिसले तरी ती पुढे जातेय तर प्रकरण मोठं. मग आतून बाकं काढून बोल्ट बघावेच लागतात. हे काम अनुभवी सर्व्हेअरला (बोटी तपासणाऱ्या जाणकाराला) दाखवल्याशिवाय करू नका. विमा असेल तर हातोडी उचलण्याआधीच त्याला बोलवा.

जुना रंग खरवडायचा कसा?

ओला करून. बुडाचा रंग शेवाळ आणि शिंपल्या धरू नयेत म्हणून विषारीच केलेला असतो, त्यात तांबं असतं. त्याहून वाईट म्हणजे कथिलाचं संयुग असलेले जुने रंग. त्यांच्यावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाला, पण जुन्या बोटीच्या खालच्या थरांत तो रंग अजून असू शकतो. कोरडं घासलं की धूळ छातीत जाते. खाली ताडपत्री अंथरा, गाळ पोत्यात भरा आणि औद्योगिक कचरा म्हणून द्या. नाल्यात नको. इथला नाला शेवटी गोदावरीलाच जातो.

दुरुस्ती चालू असताना बोटीवर राहता येईल का?

नाही. काचेची धूळ अंथरुणात शिरते, स्टायरीनचा वास डोक्यात भिनतो, आणि गॅसची टाकी आत असेल तर ग्राइंडरच्या ठिणगीशी तिची गाठ पडायला नको. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, बोटीत तो तळाशी साचून राहतो. घरासारखा खिडकीतून जात नाही.

ग्राइंडिंगच्या दिवशी पूर्ण बाह्या, मास्क, आणि संध्याकाळी आधी थंड पाण्याने आंघोळ. गरम पाण्याने खाज वाढते हे पहिल्याच दिवशी कळतं.

आमची बोट लाकडी आहे. ती पण नाशिकला आणू?

अजिबात नको. जी कोरडी हवा फायबरला औषध, तीच लाकडाला विष. फळ्या आकसतील आणि सांधे उघडतील. लाकडी बोट किनाऱ्यावरच दुरुस्त करा. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि वाढई त्याच दिवसांत कामाला असतात. फटींत कापूस भरायचं त्यांचं कसब बघत बसावं असं आहे. बरं, लाकूड कमी टिकतं असंही समजू नका. मुंबईत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे १८१७ चं जहाज इंग्लंडात अजून तरंगतं आहे.

आणि लोखंडी?

जाडी मोजणाऱ्या यंत्राने सगळं बूड तपासा, पातळ पत्रा कापून नवा जोडा. पत्र्यावर पत्रा चढवू नका, मधे गंज बसतो. वेल्डिंगआधी आतलं अस्तर काढा. बाकी अंबडला सांगायची गरज नाही.

झाल्यावर गंगापूर धरणात टाकून बघणार का?

हा प्रश्न इतक्या आशेने विचारतात की नाही म्हणताना वाईट वाटतं. तिथे बोट क्लब आहे हे खरं, पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे आणि आमच्या बुडाला तांब्याचा रंग आहे. शिवाय परवानग्या. गळती तपासायला आम्ही बोटीच्या आत, तळाशी, बादलीने पाणी ओतलं आणि बाहेरून सुका कागद फिरवला. रात्रभर ठेवलं. एक नळ पाझरला, दुरुस्त केलेली जागा नाही.

खर्च किती आला?

रेझिन आणि कापडाचा खर्च ऐकून लोक म्हणतात, “एवढाच?” मग मजुरी, शेडचं भाडं आणि दोन्ही बाजूंची क्रेन सांगितली की गप्प होतात. ढोबळ अंदाज हवा असेल तर हाताने केलेल्या कामात कापडाच्या वजनाएवढं इपॉक्सी धरा. मॅट आणि पॉलिएस्टर असेल तर मॅटच्या दुप्पट-अडीचपट रेझिन. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर साधारण मिलिमीटरभर होतो. पॉलिश पेपर मात्र अंदाजाच्या तिप्पट आणा.

एवढी कटकट करण्यापेक्षा गोव्यात दिली असती तर?

देता आली असती. गोव्यात उत्तम काम होतं. नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यातच बांधलेली, लाकडाच्या गाभ्यावर फायबर आणि इपॉक्सी चढवून. पण बोट वाळेपर्यंत महिनोन्‌महिने कुणाचं यार्ड अडवून ठेवायचं, त्याचं भाडं आम्हाला झेपलं नसतं.

पाण्यात असतानाच भोक पडलं तर?

आधी बाहेरून झाका. पाण्याचा दाब बाहेरून आत असतो. बाहेरून लावलेलं शीड किंवा ताडपत्री पाणीच दाबून धरतं, आतून लावलेलं पाणी ढकलून देतं. आम्हाला ओहोटी असल्यामुळे आतून ठोकायला वेळ मिळाला. प्रत्येक नळाशेजारी त्या मापाची निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा. पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सीची लांबी (पुट्टी) मिळते, तिचा एक डबा असू द्या, पण ती किनाऱ्यापर्यंत पोचण्यापुरतीच.

परत उतरवल्यावर किती दिवसांनी राहायला गेलात?

त्याच रात्री, पण झोपलो नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर बोट खाली नेली, भरतीला उतरवली आणि क्रेनचा पट्टा सोडायच्या आधी आत जाऊन सगळे नळ हाताने चाचपले. क्रेनवाल्याला अर्धा तास थांबवून ठेवा, पैसे घेतो पण थांबतो. मग रात्री दर दोन तासांनी तळाची फळी उचलून टॉर्चने बघितलं. पहाटे चारला तळाशी वाटीभर पाणी होतं. चाखून बघितलं, गोड निघालं. शेडमधल्या चाचणीचंच कुठेतरी अडकून राहिलं होतं.

ही म्हणाली, आता पुसून टाका आणि चहा ठेवा.